आधी पाया, मग गड : संगणकात ‘मायावी’ बसवताना



गेल्या सत्रातील विज्ञान प्रदर्शनात आमच्या गटाने सिंहगडाचा त्रिमितीय नकाशा संगणकावर दाखवला होता. माउस धरून गड फिरवता येत होता, वरून पाहता येत होता, दरीतून वर बघता येत होता. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांनी विचारले, “प्रोग्रॅम किती मोठा आहे?” प्रोग्रॅम दहा ओळींचा आहे. पण त्या दहा ओळी चालाव्यात म्हणून संगणकात जे काही बसवावे लागले, त्यात आमचे अकरा दिवस गेले. हा लेख त्या अकरा दिवसांबद्दल आहे. त्यात माझी एक चूकही आहे. ती वगळून लिहिले असते तर लेख छोटा झाला असता, पण धडा अर्धाच राहिला असता.

कल्पना कशी सुचली

नकाशावाचनाच्या तासाला आपण वाळूचा नमुना करतो. टेकडी, नाला, रस्ता सारे वाळूत उभे करतो आणि मग त्यावर बोलतो. माझे आजोळ सिंहगडाच्या पायथ्याला, डोणज्याजवळ आहे. लहानपणापासून गड पाहिलेला. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे ज्या कड्यावरून चढले, तो किती उभा आहे हे बंगळुरूच्या मित्रांना सांगून कळत नव्हते. वाळूत तो नीट उभा राहीना. तेव्हा संगणक विषयाचे सर म्हणाले, “उंचीचे आकडे मिळाले तर वाळू कशाला?”

आकडे मिळण्यासारखे होते. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीची उंची मोजली. त्या मोहिमेचे इंग्रजी आद्याक्षरांतले नाव एस.आर.टी.एम. सुमारे ३० मीटर अंतरावरच्या बिंदूंचे हे आकडे २०१४ पासून टप्प्याटप्प्याने जगासाठी खुले झाले. एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश एवढ्या चौकोनाची एक फाइल असते आणि चौकोनाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावरून तिला नाव मिळते. सिंहगडाची फाइल ‘उत्तर १८, पूर्व ७३’. तिच्यात ३६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३६०१ आकडे, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख बिंदू. प्रत्येक आकड्याला दोन बाइट. म्हणून फाइल बरोबर २,५९,३४,४०२ बाइटची असली पाहिजे. कमी भरली तर ती अर्धवट उतरली असे समजावे. ही पहिली तपासणी.

मायावी म्हणजे काय

आकड्यांवरून डोंगर उभा करण्यासाठी आम्ही ‘मायावी’ हे पायथनचे पॅकेज निवडले. ते प्रभु रामचंद्रन यांनी सुरू केले. ते मुंबईच्या आय.आय.टी.त एरोस्पेस विभागात प्राध्यापक आहेत. तिथल्याच ‘फॉसी’ या प्रकल्पातून विद्यार्थ्यांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा आणि पायथनचा प्रसार झाला. आपल्या बंगळुरूचाही या भाषेशी जुना संबंध आहे. पायथन वापरणाऱ्यांचे ‘पायकॉन इंडिया’ हे भारतातले संमेलन २००९ मध्ये पहिल्यांदा भरले, ते इथेच, भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात.

मायावी विनामूल्य आहे. पण ते एकटे काही करू शकत नाही. त्याच्या खाली बरेच थर आहेत आणि प्रत्येक थर आधीच्यावर उभा आहे. चित्र काढण्याचे खरे काम ‘व्हीटीके’ नावाचे सी-प्लस-प्लस भाषेतले मोठे ग्रंथालय करते. लाखो आकडे एकत्र सांभाळण्याचे काम ‘नमपाय’ करते. पडद्यावरची खिडकी आणि बटणे ‘क्यूट’ देते. मायावी या सगळ्यांना एकत्र बांधते. ज्यांच्याशिवाय पॅकेज चालत नाही त्यांना त्याच्या पूर्वअटी म्हणतात. आधी कोणाचे लगीन, हे तानाजींना ठरवावे लागले होते. पॅकेज बसवणाऱ्यालाही तेच ठरवावे लागते.

पहिले पाऊल : आपला संगणक ओळखा

(या पानावर आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप कराव्यात.)

काहीही उतरवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा. ऑपरेटिंग सिस्टिम कोणती? पायथनची आवृत्ती कोणती? यंत्र ६४ बिटचे आहे का? आमच्या लॅबमध्ये उबुंटू २२.०४ होते. “पायथन३ --व्हर्जन” विचारले तर उत्तर आले ३.१०. “यूनेम -एम” विचारल्यावर यंत्र ६४ बिटचे असल्याचे कळले.

हे आम्ही आधी केले नाही. लॅबला इंटरनेट नाही, म्हणून सरांनी आपल्या लॅपटॉपवर सगळी पॅकेजे उतरवून पेनड्राइव्हवर दिली. लॅपटॉपवर पायथन ३.१२ होते. लॅबमधल्या पायथनने त्या फाइलींकडे बघितलेसुद्धा नाही. ‘जुळणारे पॅकेज सापडले नाही’ एवढेच उत्तर. फाइल तर डोळ्यांसमोर दिसत होती! दोन दिवस आम्ही पेनड्राइव्हला दोष देत होतो.

कारण फाइलीच्या नावातच लिहिलेले होते. तयार बांधलेल्या पॅकेजच्या फाइलीला ‘व्हील’ म्हणतात. तिच्या नावात पॅकेजचे नाव, आवृत्ती, कोणत्या पायथनसाठी आणि कोणत्या यंत्रासाठी, हे क्रमाने असते. ‘सीपी३१२’ म्हणजे पायथन ३.१२. आम्हाला हवे होते ‘सीपी३१०’. दुसऱ्याच्या मापाचे बूट पायात जात नाहीत, तसेच हे. मग सरांनी उतरवताना “--पायथन-व्हर्जन ३.१०” आणि “--ओन्ली-बायनरी=:ऑल:” असे सांगितले आणि योग्य फाइली आल्या.

दुसरे पाऊल : सिस्टिमच्या पूर्वअटी

मायावीची जी आवृत्ती आम्ही घेतली ती तयार व्हील म्हणून नव्हती, मूळ सोर्सच्या रूपात होती. ती आपल्या यंत्रावर बांधावी लागते. तिच्यात थोडा भाग सी भाषेचा आहे, त्यामुळे कंपायलर लागतो. पहिल्या प्रयत्नात पडदाभर लाल ओळी आल्या. त्यांत एक ओळ कामाची होती : ‘पायथन डॉट एच ही फाइल नाही’. ही फाइल पायथनसोबत आपोआप येत नाही. ती ‘पायथन३-डेव्ह’ या वेगळ्या संचात असते.

इथे एक सवय सांगतो. चुकीचा संदेश लांबलचक आला की शेवटची ओळ पाहून घाबरू नका. वरून खाली वाचत या आणि जिथे पहिल्यांदा ‘एरर’ शब्द येतो तिथे थांबा. खालच्या बहुतेक ओळी तिच्याच परिणाम असतात.

सरांनी परवानगी काढून लॅबचा तो संगणक अर्धा तास कार्यालयाच्या इंटरनेटला जोडला आणि सिस्टिमच्या तीन गोष्टी बसवल्या : “सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल पायथन३-डेव्ह पायथन३-व्हेन्व्ह”. पहिली कंपायलरसाठी, दुसरी त्या फाइलीसाठी, तिसरी पुढच्या पावलासाठी.

तिसरे पाऊल : स्वतःची खोली

“पायथन३ -एम व्हेन्व्ह गडनकाशा” ही आज्ञा दिली की ‘गडनकाशा’ नावाचे एक फोल्डर तयार होते. “सोर्स गडनकाशा/बिन/ॲक्टिव्हेट” म्हटले की आपण त्या खोलीत शिरतो. इथे जे बसवाल ते इथेच राहते. बाहेरच्या पायथनला त्याचा स्पर्श होत नाही आणि बिघडले तर फोल्डर पुसून पुन्हा सुरुवात करता येते. ही सोय २०१२ पासून, म्हणजे पायथन ३.३ पासून, पायथनमध्येच आहे.

आम्ही हे पाऊल पहिल्या खेपेला गाळले. गाळले म्हणजे मी गाळले. त्याबद्दल पुढे लिहितो.

चौथे पाऊल : क्रमाने बसवणे

पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव ‘पिप’. तो २००८ मध्ये इयन बिकिंग यांनी लिहिला. इंटरनेट असेल तर पिप पूर्वअटी स्वतःच शोधून आणतो. इंटरनेट नसेल तर त्याला सांगावे लागते की बाहेर बघू नकोस, याच फोल्डरमध्ये शोध : “पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स=पॅकेजे नमपाय”. मग त्याच पद्धतीने व्हीटीके, मग पायक्यूट५ आणि सर्वांत शेवटी मायावी.

क्रम महत्त्वाचा का? मायावी बांधले जात असताना ते यंत्रातले व्हीटीके उघडून पाहते आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी पायथनचे वेष्टन तयार करते. पाहायला व्हीटीकेच नसेल तर वेष्टन कशाचे करणार? कळस आधी आणि भिंती नंतर, असे बांधकाम होत नाही.

आणखी एक अडथळा. सोर्स बांधताना पिप एक तात्पुरती स्वच्छ जागा करतो आणि बांधणीची हत्यारे तिथे नव्याने मागतो. ‘सेटअपटूल्स’ आमच्या यंत्रात होते, तरी ‘सेटअपटूल्स सापडत नाही’ असा संदेश आला, कारण पेनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये ते नव्हते. सोर्सच्या गाठोड्यात ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉम्ल’ नावाची फाइल असते. बांधणीला काय काय लागते त्याची यादी तिच्यात असते. ती यादी वाचून तेवढी पॅकेजे त्याच फोल्डरमध्ये आणून ठेवली आणि काम पुढे सरकले.

माझी चूक

हे सगळे आज क्रमवार लिहिता येते. तेव्हा नववा दिवस होता, गुरुवार. शनिवारी प्रदर्शन. मायावी चालत नव्हते. मी लॅबचा इन्चार्ज कॅडेट होतो, त्यामुळे संगणकाचा मुख्य पासवर्ड माझ्याकडे होता. तो संगणक सुरू-बंद करण्यासाठी आणि अद्ययावत करण्यासाठी दिलेला होता. मला वाटले, जुने नमपाय आहे म्हणून अडते आहे, नवे टाकावे. कोणाला न विचारता, वेगळी खोली न करता मी आज्ञा दिली : “सुडो पिप इन्स्टॉल --अपग्रेड नमपाय”, पेनड्राइव्हवरून. पिपने सांगितले होते की सिस्टिमचे जुने नमपाय मला काढता येत नाही, ते माझ्या हद्दीबाहेर आहे. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. जुने तसेच राहिले आणि नवे त्याच्या पुढे जाऊन बसले. मायावी तरीही चालले नाही.

त्याच संगणकावर नववीतल्या एका कॅडेटचा प्रकल्प होता. तो बेळगावचा. जूनपासून त्याने शाळेच्या मैदानाजवळ पर्जन्यमापक ठेवून रोज सकाळी पाऊस मोजला होता. बेळगावात पावसाचा जोर जुलैत असतो आणि बंगळुरूत सप्टेंबरात, हे त्याला आलेखात दाखवायचे होते. आलेख ‘मॅटप्लॉटलिब’ने काढलेला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला. चारचौघांत तो मला सर म्हणतो, एकटा असला की दादा. म्हणाला, “दादा, काल चालत होतं. मी काहीच बदललं नाही.”

मी पडद्यावरचा संदेश पाहिला. त्यात स्पष्ट लिहिले होते की हे मॉड्यूल नमपाय १ साठी बांधलेले आहे, नमपाय २ वर चालणार नाही. नमपायची २ ही आवृत्ती जून २०२४ मध्ये आली आणि तिने आतली रचना बदलली. जुन्या नमपायवर बांधलेली पॅकेजे तिच्यासोबत नव्याने बांधावी लागतात. मला त्याच क्षणी कळले की हे कोणामुळे झाले. आणि मी त्याला म्हणालो, “तुझा कोड पुन्हा तपास.”

त्याने तपासला. पूर्ण प्रेपभर तपासला. दिवे गेल्यावर मी टॉर्च घेऊन पाणी प्यायला उठलो तेव्हा तो पलंगावर बसून वहीत प्रोग्रॅमची एकेक ओळ हाताने लिहून पाहत होता. चूक त्याच्या ओळींत नव्हतीच, मग सापडणार कुठून?

सकाळी पी.टी.ला त्याचे डोळे लाल होते. नाश्त्याआधी मी सरांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, “त्याला सांगितलंस?” मी नाही म्हणालो. “मग आधी त्याला सांग. नंतर माझ्याकडे ये.”

मी त्याला मेसच्या दारात गाठून सांगितले. तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, “म्हणजे माझा कोड बरोबर होता?” त्याला फक्त तेवढेच हवे होते.

दुरुस्ती एका ओळीची निघाली : “सुडो पिप अनइन्स्टॉल नमपाय”. वर बसलेले नवे निघाले, खाली शाबूत असलेले जुने पुन्हा दिसू लागले आणि आलेख उमटला. पाच मिनिटेही लागली नाहीत. त्याची रात्र मात्र गेली होती. ती कोणत्याही आज्ञेने परत येत नाही.

उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून असे सिस्टिममध्ये घुसणे पिप स्वतःच अडवतो. आमच्या आवृत्तीत तो अडवत नव्हता. पण अडवले नाही म्हणून परवानगी मिळाली, असे होत नाही.

त्यानंतर शनिवारी सकाळीच सरांसमोर बसून मी वेगळी खोली केली आणि वरच्या क्रमाने सगळे बसवले. मायावी पहिल्याच प्रयत्नात उघडले.

त्या दहा ओळी

त्या ओळी थोडक्यात सांगतो. सिंहगड १८ अंश २२ मिनिटे उत्तर आणि ७३ अंश ४५ मिनिटे पूर्व या ठिकाणी आहे. फाइलीत ओळी उत्तरेकडून, म्हणजे १९ अंशांपासून, मोजतात आणि एका मिनिटात ६० आकडे असतात. १९ अंशांपासून गड ३८ मिनिटे खाली, म्हणून ओळ ३८ × ६० = २२८०. पश्चिमेकडून ४५ मिनिटे, म्हणून स्तंभ ४५ × ६० = २७००. त्याभोवती २०० × २०० आकड्यांचा तुकडा कापला, म्हणजे साधारण ६ किलोमीटरचा चौरस.

दोन ठिकाणी आम्ही फसलो. एक, या फाइलीत प्रत्येक आकड्याचा मोठा बाइट आधी असतो. हे नमपायला सांगितले नाही तर बाइट उलटे वाचले जातात आणि १३०० मीटरचा बिंदू ५१२५ मीटर होतो. आमचा सिंहगड काही काळ कळसूबाईच्या तिपटीहून उंच झाला होता! दोन, पहिल्या चित्रात उत्तर डावीकडे होती. नकाशा हातात घेतल्यावर आपण आधी तो उत्तरेला लावतो. इथेही आकड्यांचा तक्ता घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवला की उत्तर वर येते. शेवटी उंची ३० ने भागली, कारण आडवे एक घर ३० मीटरचे आहे. तसे केले नाही तर गड सुईसारखा दिसतो.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. दोन बिंदूंमध्ये ३० मीटर अंतर असल्याने उभा कडा चित्रात तीव्र उतार म्हणून दिसतो. खऱ्या कड्याची भीती त्यात उतरत नाही. ती पाहायची असेल तर गडावरच जायला हवे.

वहीत उतरवून घ्या

१. संगणक, पायथनची आवृत्ती आणि बिट आधी लिहा.
२. पॅकेजचे पूर्वअटींचे पान वाचा. सिस्टिमच्या आणि पायथनच्या पूर्वअटी वेगळ्या लिहा.
३. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खोली करा. सामायिक संगणकावर ‘सुडो पिप’ कधीही नको.
४. पायापासून कळसाकडे बसवा. प्रत्येक थर बसल्यावर तो चालतो का ते लगेच पाहा.
५. सगळे चालले की “पिप फ्रीझ” देऊन आवृत्त्यांची यादी जपून ठेवा. पुढच्या वर्षी तीच कामाला येते.
६. संदेश पहिल्या चुकीपासून वाचा. न समजलेली ओळ ओलांडू नका.
७. आपल्यामुळे दुसऱ्याचे काम थांबले असेल तर आधी त्याला सांगा.

लॅबचा पासवर्ड माझ्याकडून गेला आणि इन्चार्जपदही. ते योग्यच झाले. लॅबमध्ये आता एक नोंदवही आहे. कोणी, कधी, काय बसवले, ते तीत लिहून सही करायची. या सत्रात इन्चार्ज तो बेळगावचा कॅडेट आहे. मागच्या आठवड्यात मला एक पॅकेज हवे होते. त्याने नोंदवही पुढे सरकवली आणि विचारले, “सर, खोली केलीत का?”

केली होती. मी सही केली.

— एक कॅडेट, इयत्ता अकरावी